हेन्स जंक्शन : अलास्का हायवेच्या वळणावरचं गाव

आई-बाबा व्हँकुव्हरला आले की बँफ-जास्पर ठरलेलंच असतं. यंदा मात्र बाबांनी स्वतःहून कॅनडातून अलास्काला जाणाऱ्या अलास्का हायवेचं नाव काढलं. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची निम्मी वर्षं चिपळूण-पाटण पट्ट्यात, कुंभार्ली घाटातल्या दरडी उपसण्यात आणि मोऱ्या बांधण्यात गेली. १९४२ साली अमेरिकन लष्कराने आठ महिन्यांत सुमारे २,४०० किलोमीटर रस्ता काढला, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते काही केल्या त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. "आठ महिने म्हणजे पावसाळा वगळला तर आपल्याकडचा एक हंगाम. एका हंगामात एवढं?" असं दोन-तीनदा म्हणून झालं, तेव्हाच मी ओळखलं की आता जावं लागणार. आईची अट एकच होती: डोंगर दिसले पाहिजेत.

अख्खा हायवे करायला ना वेळ होता ना पाठीत बळ. म्हणून कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉन प्रदेशातलं एकच ठाणं निवडलं, हेन्स जंक्शन. लोकवस्ती सातशेच्या आतबाहेर. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला क्लुआनी राष्ट्रीय उद्यान. उद्यानाचं क्षेत्रफळ जवळजवळ २२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळूनही त्यात मावून जागा उरेल. आणि त्या एवढ्या मुलखात गाडीरस्ता म्हणावा असा जवळपास नाहीच. रस्ता आहे तो उद्यानाच्या कडेकडेने.

पहिला दिवस : व्हाइटहॉर्स, आणि पुढे पश्चिमेला

व्हँकुव्हरहून व्हाइटहॉर्स, म्हणजे युकॉनची राजधानी, विमानाने अडीच तासांच्या आसपास. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. विमानतळावरून भाड्याची गाडी घेतली आणि पहिलं काम केलं ते वाणसामानाचं. पुढे दुकानं कमी आणि महाग, हे सगळेच सांगतात. तांदूळ, मुगाची डाळ आणि छोटा राइस कुकर आईने घरूनच बांधून आणला होता. भाज्या, दही, ब्रेड इथे घेतलं. अस्वलावर मारायचा स्प्रेही इथेच घ्यावा लागतो, कारण तो विमानातून नेता येत नाही. दुकानातल्या मुलाने झाकण कसं काढायचं, वाऱ्याची दिशा कशी बघायची हे दाखवलं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग मराठीत म्हणाली, "एवढं सगळं आठवेपर्यंत अस्वल थांबेल का?"

युकॉन आकाराने महाराष्ट्राच्या दीडपट आणि माणसं सगळी मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास. एकट्या चिपळूण शहरात याहून जास्त लोक राहतात. त्यातलेही बहुतेक व्हाइटहॉर्समध्ये. त्यामुळे शहराची हद्द संपली की खरोखरच संपते. पुढे दीडशे-एकशे साठ किलोमीटर झाडं, तळी, एखादी गाडी, पुन्हा झाडं.

बाबा पुढच्या सीटवर बसून डांबर वाचत होते. "हे कार्पेट नाही. सरफेस ड्रेसिंग आहे. डांबर शिंपडायचं, वर खडी पसरायची, रोलर फिरवायचा." थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर आहे. खालची जमीन हलणारी असेल तर वर जाड थर देऊन उपयोग काय? तो तडकणारच." ठिगळं मारायला सोपं पडतं म्हणून इथे हीच पद्धत बरीच वापरतात, हे मला नंतर कळलं. बाबांना ते न विचारता कळलं होतं.

वाटेत एशिआक नदीवर कॅनियन क्रीकचा जुना लाकडी पूल आहे. हायवे आता बाजूच्या नव्या पुलावरून जातो. जुना फक्त पायी चालायला ठेवलाय. १९०४ च्या सुमारास क्लुआनीकडे सोनं शोधायला जाणाऱ्यांसाठी इथे पहिला पूल झाला, १९४२ मध्ये लष्कराने तो नव्याने बांधला आणि पुढे वारसा म्हणून त्याची पुन्हा उभारणी झाली. बाबा खाली उतरून ओंडक्यांचे सांधे बघत बसले. आई वरून हाका मारत होती, "अहो, पाणी बघा की जरा, लाकूड काय बघताय!" पाणी हिरवंगार, तळाचा गोटा न् गोटा दिसणारं. पण बाबांचं लक्ष ओंडक्यांवरून हललं नाही.

हेन्स जंक्शन जवळ आलं ते डोंगरांमुळे कळलं. तासभर सपाट पठारावरून जाताना समोर निळसर रेघ दिसत असते, ती एकदम भिंत होऊन उभी राहते. ही फक्त पुढची रांग. कॅनडातलं सर्वात उंच शिखर, ५,९५९ मीटरचं माउंट लोगन, हिच्या मागे कित्येक किलोमीटर आत आहे आणि हायवेवरून दिसत नाही. गावात राहून लोगन न पाहिलेले लोक पुष्कळ असणार, असं वाटलं.

गावाची गंमत चौकात आहे. व्हाइटहॉर्सकडून आलात की सरळ जाणारा रस्ता अलास्का हायवे नाही. तो जातो दक्षिणेला, सुमारे २४० किलोमीटरवरच्या, अलास्कातल्या समुद्रकाठच्या हेन्स गावाला. अलास्का हायवेवर राहायचं असेल तर उजवीकडे वळायचं. पाटी न वाचणारा माणूस नाकासमोर गेला तर समुद्रावर पोचतो. १९४३ मध्ये बंदराला जोडणारा हा दुसरा रस्ता झाला आणि जिथे तो मिळाला तिथे छावणी पडली. त्या छावणीचंच हे गाव. चौकात सिमेंटचा एक डोंगर करून त्यावर अस्वल, मेंढे, मूस असे प्राणी बसवलेत. गावकरी त्याला 'मफिन' म्हणतात. बघितल्यावर दुसरं नाव सुचत नाही.

मोटेल साधं होतं, खोलीतल्या खिडकीत अख्खी डोंगररांग होती. रात्री नऊनंतरही उजेड. खिचडी शिजेपर्यंत आम्ही गावातून एक फेरी मारली. पेट्रोल पंप, शाळा, पोस्ट, बेकरी, आणि पत्र्याचं एक अर्धगोल चर्च. लष्कराने मागे टाकलेल्या बराकीचं १९५४ साली चर्च केलं. पुढे छोटा मनोरा, आत बाकं. बाबांनी बाहेरून पत्र्याच्या पन्हळी हाताने चाचपून बघितल्या. "सत्तर वर्षं झाली की. आणि यांच्याकडे बर्फ पडतो."

दुसरा दिवस : तळ्याच्या तळाशी

सकाळी दा कू सांस्कृतिक केंद्रात गेलो. हे शॅम्पेन आणि एशिआक फर्स्ट नेशन्सचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या सरकारचं केंद्र. उद्यानाचं माहिती केंद्रही याच इमारतीत आहे. लाकूड आणि काच, मध्ये उंच छताचं दालन. मण्यांचं काम केलेल्या मऊ कातडी चपला आई कितीतरी वेळ बघत होती. तिथल्या बाईंनी तिला एका चपलेची उलटी बाजू दाखवली. टाका एवढा बारीक होता, की आईने आधी पर्समधून चष्मा काढला आणि मग बोट लावायची परवानगी मागितली.

गावाबद्दलची सगळ्यात भन्नाट गोष्ट इथेच कळली. हे गाव एका तळ्याच्या तळावर वसलंय. दक्षिणेला लोवेल नावाची हिमनदी आहे. ती मधूनमधून झपाट्याने पुढे सरकते. पूर्वी ती सरकत सरकत अल्सेक नदीच्या पात्रात आडवी यायची आणि बर्फाचं धरण तयार व्हायचं. मागे पाणी तुंबून थेट हेन्स जंक्शन आहे तिथपर्यंत तळं पसरायचं. एक दिवस धरण फुटायचं आणि सगळं पाणी अल्सेकच्या खोऱ्यातून खाली समुद्राकडे. शेवटचं मोठं तळं रिकामं झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. खालच्या अंगाला नदीकाठची वस्ती त्या पुरात वाहून गेल्याच्या कथा इथले लोक अजून सांगतात. भूवैज्ञानिक नंतर आले आणि त्यांना उतारांवर जुन्या काठांच्या रेघा सापडल्या. त्या रेघा आजही दिसतात, तिरप्या उन्हात जास्त.

बाबांचा पहिला प्रश्न: "मग इथे पाया कशावर घेतात? सगळा गाळ असेल." काउंटरवरच्या मुलीकडे याचं उत्तर नव्हतं. पण तिने नकाशा पुढे ओढून जुन्या काठाची रेघ गावाच्या किती वरून जाते ते दाखवलं. आमचं मोटेल त्या रेघेच्या बऱ्याच खाली होतं.

दुपारी हेन्सच्या रस्त्याने दक्षिणेला कॅथलीन लेक. सव्वीस-सत्तावीस किलोमीटर असेल. वाटेत दोन्ही अंगांना वाळून करडी पडलेली स्प्रूसची झाडं उभीच्या उभी. १९९० च्या दशकात खोडकिड्याची मोठी साथ आली, तिने या भागातलं स्प्रूसचं रान मारलं. थंडी पुरेशी कडक पडली की किडा मरतो. लागोपाठ हिवाळे सौम्य गेले आणि त्याचं फावलं. मेलेली लाकडं उभ्याउभ्या वाळतात, त्यामुळे जळणाला उत्तम. ती तोडून व्हाइटहॉर्सपर्यंत विकण्याचा धंदा इथे चालतो.

कॅथलीन लेकचं पाणी बर्फासारखं गार आणि वर सतत वारा. या तळ्यात कोकनी नावाचा मासा आहे. नाव ऐकून आईचे कान टवकारले, पण आपल्या कोकणाशी त्याचा काही संबंध नाही! हा सॉकाय जातीचा सामन. बाकीचे सामन समुद्रात जाऊन वाढतात आणि अंडी घालायला नदीत परत येतात. यांची समुद्राची वाट त्या लोवेल हिमनदीने बंद केली, म्हणून ते पिढ्यान्पिढ्या गोड्या पाण्यातच राहिले आणि आकाराने लहान झाले. सकाळी नकाशावर पाहिलेली हिमनदी दुपारी माशाच्या रूपात भेटली.

तळ्याकाठच्या किंग्ज थ्रोन डोंगराचा चढ आमच्या आवाक्याबाहेरचा. काठावरच्या लाकडी पायवाटेवर चाललो, बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाल्ल्यावर मात्र आईला चटणीचा डबा, सांडलेले कण, पेपर नॅपकिन सगळं उचलून गाडीत बंद करायला लावलं. अन्न उघडं टाकून हलायचं नाही, असा नियम आहे आणि तो पाळतात. आत रानात मुक्कामाला जाणाऱ्यांना तर काही वाटांवर अस्वलाला न उघडणारे डबे बरोबर नेण्याची सक्तीच आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल शेवटी गोळीनेच मरतं, असं तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं.

आणि परतताना दिसलंच. पुढे दोन गाड्या थांबल्या होत्या. रस्त्याकडेच्या झुडपात तपकिरी ग्रिझली, खांद्यावर मोठा उंचवटा, सोपबेरीच्या लाल फळांवर तुटून पडलेलं. दोन्ही पंजांनी फांदी ओढायची, तोंडातून ओरबाडायची, पाला खाली. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. हिवाळ्याआधी चरबी साठवायची घाई असते त्यांना. गाडीतून कुणीही उतरलं नाही हे विशेष वाटलं; पर्यटक म्हटल्यावर मला एखादा तरी महाभाग अपेक्षित होता. आई कुजबुजत होती. काच बंद होती, तरी कुजबुजत होती.

तिसरा दिवस : पळवलेलं पाणी

आज चौकातून उजवीकडे, क्लुआनी तळ्याकडे. रस्ता बेअर क्रीकच्या खिंडीतून साधारण हजार मीटरवर चढतो. कुंभार्लीवरून गेलेल्या माणसाला खिंड चढल्याचं कळतही नाही, इतका सौम्य चढ. "यांनी ग्रेड चांगला धरलाय," एवढंच बाबा बोलले. पण खिंडीच्या अलीकडे-पलीकडे रस्ता लाटा मारायला लागतो. डांबर खाली बसलेलं, मध्येच उचललेलं. वाईट जागी कडेला छोटी झेंडी लावलेली असते. ती दिसली की वेग कमी, नाहीतर डोकं छताला.

या लाटांचं कारण जमिनीखालचं गोठलेलं पाणी. १९४२ मध्ये सैन्याच्या बुलडोझरांनी सवयीप्रमाणे झाडं उपटली, वरची शेवाळाची जाड गादी खरवडून काढली आणि रस्ता करायला घेतला. ती गादीच खालच्या बर्फाचं पांघरूण होती. ऊन लागलं, बर्फ वितळलं आणि यंत्रं चिखलात रुतली. मग शहाणपण आलं. गादीला हात न लावता वर ओंडके आडवे अंथरायचे, त्यावर भराव. ऐंशी वर्षांनंतरही तोच झगडा चालू आहे. पुढे बीव्हर क्रीकजवळ २००८ पासून रस्त्याचे काही तुकडे प्रयोगासाठी वेगवेगळ्या पद्धतीने बांधून ठेवलेत. एकात भराव म्हणून मोठाले दगड, म्हणजे मधल्या फटींतून हिवाळ्याची गार हवा खेळेल. एकावर फिकट रंगाचा पृष्ठभाग, म्हणजे ऊन कमी शोषलं जाईल. बाबांना तिथवर जायचं होतं. तीनशे किलोमीटर केवळ भराव बघायला जायचं नाही, असं आईने जाहीर केलं आणि मीही गप्प बसून तिला मत दिलं.

खिंड उतरली की क्लुआनी तळं समोर येतं. संपूर्ण युकॉनच्या हद्दीत असलेलं सर्वात मोठं तळं. आणि त्याच्या दक्षिण टोकाला, जिथे स्लिम्स नदी मिळायची, तिथे निळ्याऐवजी करडं. आधी मला धुकं वाटलं. ती धूळ होती. पुलावर गाडी आली तेव्हा वारा आडवा सुटलेला, काचेवर बारीक माती तडतडत होती. पुलाखाली एवढं रुंद पात्र आणि पाणी म्हणाल तर कडेला एक ओढा.

हे मे २०१६ च्या अखेरीस झालं, अवघ्या चार दिवसांत. कास्कावुल्श हिमनदीचं वितळलेलं पाणी पूर्वी दोन वाटांनी जायचं. बराचसा भाग उत्तरेला स्लिम्समधून क्लुआनी तळ्यात आणि तिथून युकॉन नदीमार्गे बेरिंग समुद्रात. बाकीचा दक्षिणेला कास्कावुल्श आणि अल्सेक नद्यांतून पॅसिफिकला. हिमनदी मागे हटत गेली आणि तिच्या तोंडाशी बर्फात नवी घळ फुटली. त्या घळीने उत्तरेकडचं पाणीही दक्षिणेला वळवलं. स्लिम्स जवळजवळ आटली, तळ्याची पातळी खाली गेली, आणि शेकडो वर्षं साठलेला पात्रातला गाळ वाऱ्यावर उडायला मोकळा झाला.

बाबांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. उतरले नाहीत, धूळ फार होती. काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, "कोयनेचं आम्ही हेच केलं." खरंच की. कोयना मुळात कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी. वीज करण्यासाठी तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडलं आणि ते वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जाऊ लागलं. "त्याला आम्हाला डोंगर पोखरावा लागला, वर्षानुवर्षं माणसं राबली. इथे नुसतं ऊन लागलं आणि चार दिवसांत काम झालं." त्यांना त्यात कौतुक वाटत होतं की धास्ती, ते मला सुरावरून कळलं नाही. आई मागून म्हणाली, "पण चिपळूणला पाणी आलं तरी पाटणची कोयना काही अशी उडाली नाही हो वाऱ्यावर."

पुढे थेचाल दालचं माहिती केंद्र. वर उघडा, पिवळट डोंगर, आणि त्यावर डॉल मेंढ्यांचे कळप. या पांढऱ्याशुभ्र रानमेंढ्या उन्हाळ्यात मागच्या डोंगरांत जातात आणि शरद लागता लागता इकडे परततात. आमच्या नशिबी पाच-सात ठिपके. अंगणात मोठी दुर्बीण रोवलेली होती, तिच्यातून ठिपक्यांना पाय फुटले. एक मेंढी सरळसोट कड्यावर उभी राहून खाली बघत होती, तिच्याजवळ कोकरू. खालून ट्रक गेला तरी तिला काही नाही.

तिथून थोडं पुढे सोल्जर्स समिट. किलोमीटरभराची पायवाट जुन्या हायवेच्या पट्ट्यावर चढते. २० नोव्हेंबर १९४२ रोजी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, इथेच फीत कापून रस्ता खुला झाला. जून १९४२ मध्ये जपान्यांनी अलास्काच्या अल्युशियन बेटांवर हल्ला केल्यावर घाई आणखी वाढली होती. दहा हजारांहून जास्त सैनिक, सात रेजिमेंट, त्यांपैकी तीन कृष्णवर्णीयांच्या. तेव्हा अमेरिकन सैन्यात काळे-गोरे वेगळे ठेवत. ऑक्टोबरमध्ये बीव्हर क्रीकजवळ दोन्ही टोकांकडून येणारे बुलडोझर रानात समोरासमोर भेटले: एकावर कृष्णवर्णीय कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स, दुसऱ्यावर गोरा शिपाई आल्फ्रेड जलुफ्का. समिटवरच्या फलकाजवळ बाबा वाऱ्यात टोपी धरून उभे होते आणि जुन्या रस्त्याची रुंदी पावलांनी मोजत होते.

याच रस्त्याची दुसरी बाजू काल दा कूमध्ये ऐकली होती, ती इथे उभं राहिल्यावर जास्त जाणवली. रस्त्याबरोबर बंदुका घेतलेली हजारो माणसं आली, शिकार बेसुमार झाली, तेव्हा सरकारने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हायवेच्या या बाजूला शिकारबंदीचं अभयारण्य केलं. त्या बंदीत हजारो वर्षं इथेच शिकार करून जगणारे लोकही बाहेर पडले. पुढे त्याच जमिनीवर राष्ट्रीय उद्यान झालं. मी इतकी वर्षं 'अस्पर्शित निसर्ग' वगैरे ऐकत आलेय. इथला बराचसा अस्पर्शितपणा माणसांना हाकलून आलाय. १९७३ साली या भागातले नेते एलायजा स्मिथ जमिनीच्या हक्काची मागणी घेऊन ओटावाला पंतप्रधान पिएर त्रुदोंकडे गेले. करारावर सह्या झाल्या १९९३ मध्ये. आता उद्यानाच्या कारभारात फर्स्ट नेशन्सचा अधिकृत वाटा आहे आणि त्यांचा शिकारीचा हक्कही मान्य झालाय.

चौथा दिवस : पाऊस, मग बर्फ

सकाळी विमानाची फेरी ठरली होती, पण ढग एवढे खाली की मफिनसुद्धा ओलं गिच्च. थांबा म्हणाले. बेकरीत जाऊन थांबलो. दालचिनीचा रोल एवढा मोठा मिळाला की तिघांत एक पुरला. शेजारच्या टेबलावर मोटरसायकलवाले दोन म्हातारे. त्यांनाही पुढे जायचं होतं आणि तेही ढगांकडेच बघत होते. या गावात पावसात बघण्यासारखं काही नाही, हे सांगून टाकते. आम्ही कपडे धुऊन घेतले.

दुपारी फोन आला, अर्ध्या तासात या. धावपट्टी गावाला लागूनच. विमान पाच-सहा माणसांचं. आईने आधी नको म्हटलं, मग बाबा निघाले म्हटल्यावर तीही निघाली.

हायवेवरून दिसणारी ती भिंत ओलांडायला काही मिनिटं लागली आणि पलीकडे जमीन नावाची गोष्टच उरली नाही. सगळा बर्फ. ध्रुवप्रदेशांबाहेरचा जगातला सर्वात मोठा हिमप्रदेश इथला म्हणतात. शेजारच्या अलास्कातल्या उद्यानाबरोबर या भागाला १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कास्कावुल्शवरून गेलो तेव्हा तिच्या दोन शाखा एकमेकींना मिळताना दिसल्या. काठाकाठाने वाहून आणलेला दगडगोटा दोघींच्या मधोमध येऊन काळा पट्टा बनतो आणि तो पुढे कित्येक किलोमीटर सरळ जातो. बाबांनी हेडफोनमधून पायलटला इंग्रजीत विचारलं की बर्फ दिवसाला किती सरकतो. उत्तर इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, बाबांनी मात्र मान डोलावली.

परतताना पायलटने हिमनदीच्या तोंडावरून वळण घेतलं. करडा, मातीने माखलेला बर्फ, खाली दुधाळ पाणी, आणि त्या पाण्याची दक्षिणेला जाणारी घळ. ज्या घळीमुळे काल आमच्या तोंडात धूळ गेली, ती वरून इतकी अरुंद दिसते की पायलटने बोट दाखवलं नसतं तर लक्षही गेलं नसतं. लोगनचं शिखर शेवटपर्यंत ढगात राहिलं. १९२५ साली त्यावर पहिल्यांदा चढलेली माणसं आत जायलाच कित्येक आठवडे चालत होती. आम्ही तासाभरात परत येऊन खोलीत चहा पीत होतो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

त्या रात्री ढग फाटले आणि उत्तरेला ध्रुवीय प्रकाशाचा हिरवट पट्टा दिसला. दहा-पंधरा मिनिटं. फोटोत दिसतो तेवढा रंग डोळ्यांना दिसत नाही, हे कुणी आधी सांगत नाही. बाबा झोपले होते, त्यांनी उठायला नकार दिला.

पाचवा दिवस : परत

गावातून निघालो आणि काही अंतरावरच कामामुळे रस्ता अडवलेला. हातात थांबा-पाटी घेतलेली एक बाई, अंगात झगझगीत जाकीट, पायाशी थर्मास. पुढून मार्गदर्शक गाडी येईल, तिच्या मागोमाग रांगेने जायचं. वीस मिनिटं लागतील म्हणाली. बाबा खाली उतरले. मी काच खाली करून ऐकत होते.

काम किती महिने चालतं, बाबांनी विचारलं. मेपासून सप्टेंबर, नशीब असेल तर. आणि पैसे कोणाचे? ती हसली आणि तिने अलास्काच्या दिशेला अंगठा दाखवला. हे बाबांना खोटंच वाटलं, म्हणून मी नंतर शोधलं. ती या तुकड्याबद्दल बोलत नव्हती, पण हेन्स जंक्शनपासून पुढे सीमेपर्यंतचा आणि हेन्सकडचा रस्ता सुधारायला अमेरिकेने खरोखरच पैसे दिलेत, १९७७ च्या करारानुसार. अमेरिकेच्या मुख्य भूमीतून अलास्काला गाडीने जायचं तर कॅनडातूनच जावं लागतं, आणि त्या रस्त्यावर वर्दळ मुख्यतः अमेरिकन गाड्यांचीच.

"यांच्याकडे मैलकुली पण थर्मास घेऊन येतो," बाबा गाडीत बसता बसता म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण पुढे बराच वेळ ते त्यांच्या हाताखालच्या गँगबद्दल बोलत होते. पावसात घाटात दरड आली की रात्री कोण कोण यायचं, कोणाच्या घरून भाकऱ्या यायच्या. मी हे कधी ऐकलं नव्हतं. आईने ऐकलं होतं. ती मधूनमधून नावं दुरुस्त करत होती.

नव्या खडीच्या पट्ट्यावरून सावकाश पुढे गेलो. समोरून एक लांबलचक ट्रक आला, टक्कन आवाज झाला आणि काचेवर माझ्या डोळ्यांसमोर तांदळाएवढा टिचका. व्हाइटहॉर्सला पोचेपर्यंत त्याला दोन बोटं लांब चीर फुटली होती. गाडी परत करताना काउंटरवरच्या माणसाला जराही आश्चर्य वाटलं नाही. काचेचा वेगळा विमा घेतला होता का, एवढंच त्याने विचारलं. घेतला होता. त्याने कागद पुढे सरकवला, मी सही केली, आणि बाबा त्याला समजावून सांगत होते की खडी पसरल्यावर ती वाहनांच्या वजनाने नीट बसेपर्यंत थोडी उडतेच, त्यात कुणाचा दोष नसतो.